जुनी गाडी मोडीत काढताना: सोलापूरकरांसाठी पायरी पायरीनं

चारी टायर बसलेत, बॉनेटवर कडुनिंबाचा पाला साचलाय, बॅटरी कधीच गेलीय आणि गल्लीतून फिरणारा भंगारवाला दर वेळी हजार रुपये वाढवून विचारतोय. अशी गाडी आपल्याकडं प्रत्येक बोळात एक तरी सापडेल. घरच्यांना वाटतं, जाऊ दे, जे येतील ते घ्या आणि जागा मोकळी करा. मी आमच्या घरातल्या आणि नात्यातल्या अशा गाड्यांची कामं केली आहेत. त्यामुळं आता कुणाची गाडी निघाली की फोन मला येतो. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोडीच्या गाडीचे पैसे एका ठिकाणाहून येत नाहीत. लोखंडाचे वेगळे, सुट्या पार्टांचे वेगळे, सरकारी प्रमाणपत्रावर मिळणारी सवलत वेगळी आणि विमा, फास्टॅग यांत अडकलेली किरकोळ रक्कम वेगळी. भंगारवाला तुम्हाला यातलं पहिलंच देतो, आणि तेही पूर्ण देत नाही. शिवाय गाडी गेली तरी आरसीवर तुमचं नाव तसंच राहिलं, तर मिळालेले पैसे पुढं कधी तरी व्याजासकट परत जाऊ शकतात.

१. मोडायची वेळ खरंच आली आहे का?

"पंधरा वर्षं झाली, आता गाडी बंद करावीच लागते" असं निम्मं सोलापूर समजतं. तसं नाही. पंधरा वर्षांची पेट्रोल आणि दहा वर्षांची डिझेल गाडी हा गोंधळ दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला आहे. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. गाडी तपासणीत पास झाली तर पाच वर्षांसाठी पुन्हा होते.

पैशांचं गणित मात्र बदललंय. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० केली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि पासिंगला नेण्याआधीचं गॅरेजचं बिल. हा सगळा खर्च कागदावर मांडा आणि गाडी रस्त्यावर आल्यावर तिला गिऱ्हाईक किती देईल ते शेजारी लिहा. गाडी चालू असेल, कागद जिवंत असतील, तर ती चालती विकण्यातच जास्त पैसे आहेत. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडं शेतावर जायला-यायला जुनी गाडी शोधणारे लोक आहेत. इंजिन बसलंय, पत्रा खालून सडलाय किंवा नोंदणी संपून वर्षं झालीत, तरच पुढं वाचा.

आणि नोंदणी संपलेली गाडी नुसती उभी ठेवणं हाही आता बिनधोक पर्याय राहिलेला नाही. आयुष्य संपलेल्या वाहनांबाबतचे केंद्र सरकारचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. त्यांनुसार अशी गाडी १८० दिवसांत नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जमा करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

२. आरसी बुक काढा आणि ओळ न् ओळ वाचा

गाडी मोडीला निघाल्यावर अडते ती बहुतेक वेळा इथंच.

*नाव.* गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील नाहीत, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची भानगड. कायद्यानं मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरायचा असतो. कोण करतंय? पण मोडीत काढताना मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागतेच. बहीण हैदराबादला, भाऊ पुण्यात असेल तर त्यांच्या सह्यांचं काम आजच सुरू करा. बाकी सगळं आठवड्यात होतं, हे होत नाही.

*बोजा.* आरसीवर फायनान्सचं नाव असेल, तर कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि नमुना ३५ लागतो. सोलापुरात सहकारी बँकांची कर्जं पुष्कळ. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडून पत्र घ्यायचं. बँकच बंद पडली असेल (लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला), तर अवसायकाकडं, म्हणजे बंद बँकेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं जायचं. बँक गेली म्हणून बोजा आपोआप जात नाही.

*मोबाइल नंबर.* जुन्या गाडीला एक तर नंबर जोडलेलाच नसतो, नाही तर बंद पडलेला असतो. ओटीपी त्यावरच जातो. परिवहनच्या संकेतस्थळावर आधी नंबर बदलून घ्या.

*चेसी नंबर.* बॉनेट उघडा. बऱ्याच छोट्या गाड्यांत काचेच्या खालच्या आडव्या पत्र्यावर नंबर कोरलेला असतो. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून काळा थर झालेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर पांढरा कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. आकडे उमटतात. ते आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. गंजानं एखादा आकडा गेला असेल तर आत्ताच कळलेलं बरं. गाडी उचलायला आलेल्या माणसासमोर कळलं तर तो भाव पाडतो.

पासिंग कुठलं आहे याची फार काळजी नको. सोलापुरात एमएच १३ च्या जोडीला अकलूजची एमएच ४५, धाराशिवची एमएच २५, विजयपूरची केए २८ आणि कलबुर्गीची केए ३२ या गाड्या सर्रास दिसतात. नोंदणीकृत केंद्र कुठल्याही राज्याची गाडी घेऊ शकतं.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि मग डुप्लिकेटचा अर्ज, नमुना २६.

३. चलनं बघा

महाट्रॅफिक या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. सिग्नल, नो पार्किंग, हेल्मेट (हो, मोटारीला हेल्मेटचं चलन आलेलं मी पाहिलंय, नंबर वाचण्यातली चूक. तशी तक्रार करून ते रद्द करून घेता येतं). थकबाकी, काळी यादी किंवा पोलिसांत गाडीवर काही नोंद असेल तर केंद्र गाडी घेत नाही. केंद्रवाले गाडी ताब्यात घेण्याआधी सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत हे सगळं तपासतात. लोकअदालतीत दंड कमी होतो, तारीख जवळ असेल तर तोवर थांबा.

४. गाडीत किती पैसे आहेत, ते स्वतः काढा

आरसीवर गाडीचं रिकामं वजन किलोत लिहिलेलं असतं. भाव ठरतो तो त्याच्यावर. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, सुमोसारखी गाडी दीड टनाच्या वर. समजा भाव किलोला २५ रुपये धरला, तर ८०० चे १६,२५० होतात. २५ हा आकडा फक्त गणितासाठी घेतलाय, लोखंडाचा दर सतत हलतो. त्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला खरा दर माहीत असतो.

"उक्तं देतो" म्हणणाऱ्यापासून जपून. उक्ता सौदा करायला हरकत नाही, पण आधी वजनाचा हिशोब तुमच्या खिशात असला पाहिजे. वजनावर देणार असाल तर काटा तुम्ही सांगाल तो. मार्केट यार्डात माल येतो-जातो तशा गाड्या काट्यावर घेता येतात. रिकामी ट्रॉली आधी, गाडी चढवून नंतर, आणि दोन्ही पावत्या हातात.

आता पार्ट. लोखंडाच्या भावात जाऊ नयेत अशा वस्तू पुष्कळ असतात:

- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या लाइनमधला तो फुगीर डबा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. गाडीतली किलोमागं सगळ्यात महाग वस्तू हीच. भंगारवाल्याला ते पक्कं माहीत असतं आणि तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फार जुन्या गाड्यांत तो नसतो. दिल्ली-मुंबईसारख्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून आला, बाकी देशात त्यानंतर.
- बॅटरी. मेली असली तरी आतलं शिसं मेलेलं नसतं. नव्या बॅटरीच्या दुकानात जुनीचे पैसे वळते होतात.
- अलॉय व्हील, बरे टायर, स्टेपनी, टेप, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, डोअर ग्लास. तुमच्या मॉडेलच्या गाड्या अजून फिरत असतील तर गॅरेजवाला घेतो.
- सीएनजी किंवा एलपीजी किट. टाकी स्वतः खोलू नका. किट बसवणाऱ्या अधिकृत सेंटरकडूनच रिकामी करून उतरवा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. ती चुकलेली टाकी कुणाला विकणं म्हणजे त्याच्या घरात बॉम्ब ठेवणं.

पण इथं एक पेच आहे. सगळं काढून मग सांगाडा केंद्राला द्यायचा म्हटलं, तर केंद्र भाव तसाच खाली आणतं. इंजिन, गिअरबॉक्स, कन्व्हर्टर जागेवर नसले तर काही जण घ्यायलाच तयार नसतात. माझं मत: टेप, स्टेपनी, नवी बॅटरी एवढंच काढा. बाकी गाडी अखंड ठेवा आणि "सगळ्यासकट किती?" असा भाव विचारा. स्पॅनर घेऊन रविवार घालवण्याएवढे पैसे बाकीच्या पार्टांत सहसा सुटत नाहीत.

५. कुणाला द्यायची

गल्लीतल्या भंगारवाल्याचं बोलणं ठरलेलं असतं. "मालक, कागदाचं टेन्शन घेऊ नका, रोख घ्या, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी." तो खोटं बोलत नाही. रोख देतो, जागाही मोकळी होते. फक्त सरकारच्या नोंदीत गाडी तशीच तुमची राहते.

याचे दोन परिणाम होऊ शकतात. एक, गाडी तुटतच नाही. डागडुजी करून ती पुढं कुणी तरी चालवतो आणि अपघात होतो. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक. गाडी पुढं किती हातांतून गेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. दोन, गाडी तुटते, पण तुमची आरसी आणि चेसी नंबरचा तुकडा चोरीच्या गाडीला लावला जातो. मग चौकशीला पोलीस तुमच्या दारात येतात. म्हणून कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) सह्या करून कुणालाही देऊ नका, ओळखीच्या एजंटलाही नाही.

सरळ रस्ता म्हणजे नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्र. याचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. केंद्रांची यादी परिवहनच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर जिल्हावार दिसते. नवी केंद्रं सुरू होत आहेत, म्हणून यादी अर्जाच्या दिवशीच बघा. सहा महिन्यांपूर्वी मित्रानं सांगितलेल्या पत्त्यावर जाऊ नका. दारावर "अधिकृत" असा बोर्ड आहे म्हणून भागत नाही, नाव पोर्टलवर दिसलं पाहिजे. पुणे भागात मोठ्या कंपन्यांनी यात हात घातलाय. टाटा मोटर्सनं मार्च २०२५ मध्ये पुण्यात रीवायर नावानं केंद्र सुरू केलं.

पुणे म्हणजे अडीचशे किलोमीटर. बंद गाडी टोचन करून न्यायची म्हटली तर अर्धे पैसे तिथंच जातात. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारायचा: "सोलापुरातून, माझ्या दारातून उचलून, माझ्या खात्यात निव्वळ किती?" किलोचा भाव विचारू नका. एखादा २८ सांगतो आणि वाहतूक कापतो, दुसरा २३ सांगतो आणि स्वतःचा ट्रेलर पाठवतो. गल्लीत, सोसायटीत अजून दोन गाड्या निघत असतील तर एकत्र बोला. ट्रेलर भरून जातो आणि भावही सुधारतो.

घासाघीस करायला लाजू नका. नव्या नियमांत वाहन उत्पादकांवर जुन्या गाड्यांतलं पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी आली आहे. तुमच्या गाडीतल्या पोलादावर केंद्राला वेगळं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते उत्पादकांना विकता येतं. म्हणजे त्यांची कमाई नुसत्या भंगारावर थांबत नाही. सरकारच्या धोरणात जुन्या गाडीला नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत असा अंदाज दिलेला आहे. तो बंधनकारक नाही, पण बोलताना तोंडावर टाकायला बरा.

आणखी एक वाट आहे, ती फार कुणी वापरत नाही. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर मोडीच्या गाडीचा लिलाव होतो आणि तिथं नोंदणीकृत केंद्रंच बोली लावतात. एका ८०० साठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. संस्थेच्या चार-पाच गाड्या असतील तर जरूर बघा.

६. अर्ज आणि गाडी देण्याचा दिवस

अर्ज पोर्टलवर तुम्ही करू शकता, किंवा केंद्राचा माणूस भरून देतो. जवळ ठेवायचं:

- मूळ आरसी
- मालकाचं आधार आणि पॅन
- रद्द केलेला चेक (खातं मालकाच्याच नावाचं)
- बोजा उतरवल्याचा पुरावा
- मालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद
- मालक स्वतः येणार नसल्यास अधिकारपत्र
- चालू असेल तर विम्याची प्रत

भंगारातच जाणाऱ्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) लावायची घाई करू नका. केंद्राला आधी विचारा.

गाडी उचलायच्या दिवशी डिकी, डॅशबोर्ड, सीटखाली हात घालून बघा. जुन्या पासबुकांपासून चांदीच्या जोडव्यापर्यंत काहीही निघतं. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा. गाडीचे चारी बाजूंनी, चेसी नंबरचे आणि ट्रेलरवर चढवल्यानंतरचे फोटो काढा, ट्रेलरचा नंबर दिसेल असे. पैसे खात्यात आल्याचा मेसेज पाहिल्याशिवाय मूळ आरसी हातातून सोडू नका. "साहेब, गाडी पोचली की टाकतो" हे ऐकलं की चहा सांगा आणि थांबा.

७. दोन प्रमाणपत्रं, दोन्ही वेगळी

गाडी जमा झाल्यावर मिळतं ते जमा प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. गाडी प्रत्यक्ष तुटल्यावर मिळतं ते वाहन स्क्रॅप केल्याचं प्रमाणपत्र. पहिलं मिळालं की बरेच जण दुसऱ्याचा पाठपुरावा सोडतात. तसं करू नका. चेसी नंबरचा कापलेला तुकडा केंद्रानं दुसऱ्या प्रमाणपत्रानंतर सहा महिने सांभाळून ठेवायचा असतो, म्हणजे काही शंका आली तर विचारायला तेवढा काळ आहे.

जमा प्रमाणपत्र म्हणजे पैसाच. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी फी माफ होते आणि वाहन करात सवलत मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खाजगी गाडीला ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत देता येते. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये १५ टक्क्यांचा निर्णय घेतला. ६ लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी ६६,००० रुपये कर बसतो, त्यातले १५ टक्के म्हणजे ९,९००. मात्र जुनी गाडी किती वर्षांची असताना मोडली आणि नवी त्याच प्रकारची आहे का, याच्या अटी असतात. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी शोरूमला प्रमाणपत्राचा क्रमांक द्या आणि कोटेशनवर सवलतीची ओळ लिहून घ्या. कंपनीची स्वतःची स्क्रॅप सूट वेगळी. ती ऐच्छिक असते आणि शोरूमवाले एक्स्चेंज बोनसमध्ये मिसळून टाकतात. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत मागा.

नवी गाडी घ्यायचीच नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. त्यासाठी एमएसटीसीचं डिजी-ईएलव्ही हे पोर्टल आहे. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते, तिच्या आत उरका.

८. विमा, फास्टॅग आणि शेवटची खात्री

विमा चालू असेल तर जमा प्रमाणपत्र जोडून पॉलिसी रद्द करा, उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो. गाडीला पूर्ण विमा होता आणि क्लेम घेतलेला नव्हता, तर नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, तीन वर्षं राखून ठेवता येतो आणि तुमच्या नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वापरता येतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बोनस नसतो. एजंट हे आपणहून सांगत नाही.

फास्टॅग बँकेकडून बंद करा. शिल्लक आणि अनामत खात्यात येते. तो चालू राहिला आणि दुसऱ्याच्या काचेवर गेला, तर सावळेश्वर नि वरवड्याचा टोल तुमच्या खात्यातून कापला जातो.

गाडी पंधरा वर्षांच्या आत मोडली असेल तर आरटीओत एकरकमी कराच्या परताव्याबद्दल विचारा. उरलेल्या वर्षांप्रमाणे काही रक्कम मिळू शकते.

आठ-पंधरा दिवसांनी परिवहनवर गाडीचा नंबर टाकून स्थिती बघा. नोंदणी रद्द दिसली पाहिजे. अजून सक्रिय दिसत असेल तर केंद्राला लेखी कळवा, प्रत सोलापूर आरटीओला द्या आणि पोच घ्या. ती पोच, दोन्ही प्रमाणपत्रं आणि पैसे जमा झाल्याची नोंद एका पिशवीत घालून घराच्या कागदांबरोबर ठेवा.